तीन एप्रिलचं पान

५ एप्रिल, रविवार

जानेवारीत खताच्या दुकानातून तात्यांना ही डायरी मिळाली. तात्यांना सहीपुरतं लिहिता येतं, म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. वर तारीख, खाली तिथी, कोपऱ्यात युरियाच्या पोत्याचं चित्र. आजवर हिच्यात नुसती डाळिंबं लिहिली. कुठला प्लॉट, किती फळांवर डाग, किती तडकलेली. माझं कामच ते. बारामतीजवळच्या कन्हेरीच्या गोडाऊनवाल्या इंद्रजित शेठकडं मी माल बघायला जाते. तोडणीच्या आधी बागेत फिरायचं, नमुन्याची फळं कापायची आणि सांगायचं, आज तोडा नाहीतर चार दिवस थांबा.

आज परवाचं लिहायला बसले होते. तीन तारखेचं पान काढलं, पेनाचं टोपण काढलं आणि हातच चालेना. ते पान कोरं सोडून इथं आले. इथं एवढंच लिहिते. परवा भीमेपलीकडं, कर्नाटकात, शेठनं खंडानं घेतलेल्या बागेतल्या शेडमध्ये त्यानं दार आतून लावलं. आत मी होते. पुढचं लिहवत नाही.

मला ताप आलाय असं आईला सांगितलं. काल तीनदा आंघोळ केली. आई म्हणाली, "टाकी रिकामी करतीस का काय गं?"

९ एप्रिल, गुरुवार

रेश्मा आली. ती माझ्याबरोबर माल निवडते. त्या दिवशी बाहेर गाडीत क्रेट चढवत होती. आल्या आल्या म्हणाली, "तुला ताप न्हाय. मी दार लावल्यालं बघितलंय. तुझी चप्पल तितंच राहिली हुती, ती घिऊन आलीय." पिशवीतून माझी एक चप्पल काढून उंबऱ्यात ठेवली. मी ढसाढसा रडले. बया, एवढी रडले की कोंबड्या पळाल्या.

पोलिसाचं नाव काढू नको, मी तिला म्हणाले. पोलीस म्हटलं की गावात गाडी, गाडीमागं पोरं, आणि संध्याकाळी पारावर माझीच कथा. मी नांदून परत आलेली बाई. माझ्यावर विश्वास ठेवण्याआधी लोक माझ्या साडीचा रंग विचारतील. आणि मी ओरडले नाही. चढवायला चार माणसं बाहेर होती आणि मी ओरडले नाही, हे कुणाला कसं सांगू?

रेश्मा म्हणाली, "पोलिसात न्हाय तर न्हाय. दुसरी वाट हाय. कामावर असं झालं की जिल्ह्याची समिती अस्ती, बायका बसत्यात तिच्यात. अंगणवाडीच्या मीटिंगला सांगितल्यालं. पन तीन महिन्यांच्या आत अर्ज द्यावा लागतोय."

तीन महिने म्हटल्यावर जरा श्वास आला. आज काही करायला नको.

११ एप्रिल, शनिवार

आईला सांगितलं. तिनं मारलं नाही, ओरडली नाही. पदराचं टोक तोंडात धरून बसली. मग माझ्याजवळ सरकून बोटांच्या पेरांवर मोजायला लागली. "हनुमान जयंतीचा दुसरा दिस. म्हंजी चैत्र वद्य पाडवा. वैशाख, जेष्ठ, आषाढ. मधी धोंडा हाय यंदा, त्यो काय मोजत न्हायत. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिसी भरत्यात तीन."

"धोंडा का नाही मोजायचा?"

"अगं, अधिक महिना त्यो. सालगड्याच्या सालात तरी मोजत्यात का? तुझ्या बापाला इचार."

खरं आहे. तात्या तीस वर्षं आबासाहेबांच्या शेतावर सालगडी आहेत. पाडव्याला साल ठरतं ते पुढच्या पाडव्यापर्यंत. धोंड्याच्या सालात महिने तेरा भरतात, पगार बाराचाच. आजीच्या वर्षश्राद्धापासून बोअरच्या मुहूर्तापर्यंत आईचा पेरांवरचा हिशोब चुकलेला मी पाहिला नाही. गुरुपौर्णिमा म्हणजे जुलैची अखेर. खूप दिवस आहेत. मला खूप दिवस हवेच आहेत.

आई म्हणाली, "आधी मोनाच्या नवऱ्याला धोंड्याचं जेवू घालू. पहिला धोंडा हाय त्यांचा. मग बघू." मोना माझी धाकटी बहीण. भिगवणला दिलीय. विशालची माशांची गाडी आहे, गरीब पोरगा आहे. मी हो म्हटलं.

१४ एप्रिल, मंगळवार

तात्या मला आबासाहेबांकडं घेऊन गेले. गावात कुणाचं काही अडलं की त्यांच्याच ओट्यावर जायचं. तात्यांनी खाली बघत सांगितलं. मी भिंतीकडं बघत होते. आबासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि आत सांगून मला कपबशीतून चहा आणवला. तात्यांना नेहमीच्या पेल्यातून.

"वंगाळ झालं पोरी," म्हणाले. "पन ह्ये झालंय पलीकडच्या राज्यात. हितली समिती म्हनंल तिकडं जा, तिकडची म्हनंल कन्नडमधी लिव्हून आन. नदीच्या अलीकडं एक कायदा, पलीकडं दुसरा. विजापूरला माझा वकील हाय. त्याला इचारून रीतसर करू. तवर कुठं तोंड उघडू नगंस. त्यो सावध हुईल."

मी म्हटलं, मुदत तीन महिन्यांची आहे म्हणतात. आई म्हणते धोंडा धरायचा नाही, गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी भरतात.

त्यांनी विचारलं, "नेमकी तारीख कुठली म्हनालीस?"

"तीन एप्रिल."

खिशातल्या वहीत लिहून घेतलं. चष्मा काढून पुसला. "तुझी आई कुशाबाई बरोबर सांगत्यात. धोंडा कुनी मोजत न्हाय."

परत येताना कितीतरी हलकं वाटलं. कुणीतरी मोठं माणूस पाठीशी आहे. त्यांची सगळी डाळिंबं इंद्रजित शेठकडंच जातात, तरी त्यांनी माझी बाजू घेतली. असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

२ मे, शनिवार

शेठची पांढरी जीप आज दोनदा आमच्या बोळातून गेली. बोळ पुढं कुठंच जात नाही, उकिरड्यापाशी संपतो. कडी लावली, परत उठून बघितली, परत उठून बघितली. आई म्हणाली, कडी झिजंल.

अनोळखी नंबरवरून फोन येतात. उचलला की कुणी बोलत नाही, नुसता क्रेट आपटल्याचा आवाज येतो. गोडाऊनचाच आवाज. त्या आवाजानं माझी मान आखडते. फळं तोडायची कात्री पिशवीत ठेवते आता. भाजी आणायला गेले तरी कात्री बरोबर. काल भाजीवाल्यापुढं डाळिंबाची पाटी बघितली आणि ओकारी आली. सात वर्षं ज्याच्यावर पोट भरलं त्याच्याच वासानं!

१७ मे, रविवार

आज धोंडा लागला. आबासाहेबांना विचारायला गेले. वकील लग्नकार्यात अडकलाय म्हणाले. "आन आता मलमास. ह्या महिन्यात कोर्टकचेरीची पायरी चढू न्हाय. कामाला यश येत न्हाय." मी म्हटलं, आबा, दुसरा वकील बघू का? त्यांचा आवाज एकदम बदलला. "माझ्यावर इस्वास न्हाय का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढं करतात आणि मी अशी.

त्यांच्या अंगणात पांढरी जीप उभी होती. शेठला झापायला बोलावलं असणार. मी मागच्या दारानं आले.

२४ मे, रविवार

उजनी धरणाचं पाणी उतरलंय, बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलंय. रविवार म्हणून ते बघायला पुण्या-बारामतीच्या गाड्या. तात्यांची भाकरी घेऊन काठाकाठानं चालले होते, तर होडीतून तो उतरला. इंद्रजित. पांढरा सदरा, बरोबर पाहुणे, त्यांची बायकापोरं.

"काय जयवंता, बरी हायस का? कामावर कधी येतीस?" सगळ्यांसमोर, हसत. पाहुण्यांना म्हणाला, "आमची माल बघणारी. एक नंबर नजर हाय हिची."

माझा हात पिशवीत गेला, कात्रीवर. आणि तोंडातून काय निघालं? "येते शेठ, बरं वाटलं की." मी म्हणाले! माझ्याच तोंडानं! तो गेल्यावर भाकरीचं फडकं गाळात पडलेलं दिसलं. कधी पडलं कळलं नाही. तात्यांना आज उपास.

मी अशी का आहे? गोडाऊनवर व्यापाऱ्याच्या तोंडावर "माल भिकार आहे" म्हणणारी बाई मी. त्याला बघितलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते. उद्या समितीपुढं तो असाच हसत बसला तर मी काय बोलणार?

७ जून, रविवार

विशालचं धोंड्याचं जेवण झालं. आईनं पुरणाचे धोंडे केले, तेहतीस अनारसे दिले, ऐपत नसताना चांदीचं निरंजन दिलं. विशाल लाजून लाल. त्यानं आम्हाला भला मोठा मरळ आणला होता. धोंड्यात मासा! आईनं कपाळाला हात लावला आणि शेजारी देऊन टाकला. कितीतरी दिवसांनी हसले मी.

मोनानं भांडी घासताना हात धरला. "ताई, तू मागं वळून का बघतीस सारखी?" सांगितलं नाही. तिचा संसार नवा आहे.

विशाल जाताना तात्यांना म्हणाला, "येताना आबासाहेबांच्या ओट्यावर त्यो कन्हेरीचा शेठ बसल्याला दिसला. दोघं हासत हुते." आबासाहेब गोड बोलून त्याच्याकडून काढून घेत असतील.

१६ जून, मंगळवार

धोंडा संपला. आता तरी वकील?

१९ जून, शुक्रवार

वकिलाचं ऑपरेशन झालंय म्हणे. रेश्मा चिडली. "कसला वकील गं ह्यो? आधी लगीन, आता ऑपरेशन. पुढल्या वक्ताला बारसं काढंल." मी तिला गप्प केलं. आबासाहेबांविषयी असं बोलू नये.

खरं लिहू? वकील नाही म्हटलं की मला बरंच वाटतं. आणखी एक दिवस जायला नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, आणि तोंडावर हात माझाच आहे.

२९ जून, सोमवार

वटपौर्णिमा. बायका वडाला गेल्या. मी पाण्याला गेले तर आबासाहेब रस्त्यात भेटले.

"कुठं गेली न्हाईस न्हवं? बारामतीला, इंदापूरला?"

"नाही आबा."

"शाणी पोर. आता चारच दिस थांब."

चार दिवसांनी वकील येणार असेल. चारच का, विचारायचं राहिलं.

४ जुलै, शनिवार

आज आबासाहेब स्वतः आमच्या घरी आले. तीस वर्षांत पहिल्यांदा. आईची धांदल. खाटेवर गोधडी टाकली. पेढे घेऊन आले होते. किती हसतमुख! म्हणाले, "झालं गेलं गंगंला मिळालं. पोरीनं कामावर जावं. घरात बसून मन कुजतंय." मी वकिलाचं विचारलं तर म्हणाले, "बघू की सावकाश. गुरुपौर्णिमा कुठं पळून चाललीय?"

ते गेले आणि अर्ध्या तासानं मोबाइलवर इंद्रजितचा निरोप. "आता भीती नाही. सोमवारपासून कामावर ये."

भीती नाही? कुणाला? माझी भीती तर जशीच्या तशी आहे. मग कुणाची गेली?

५ जुलै, रविवार

तात्या सकाळी कामावर गेले नाहीत. चुलीपाशी बसून राहिले. कालचे पेढे तसेच होते, पुड्याला मुंग्या लागलेल्या. मला म्हणाले, "जया, त्यो निरोप परत वाच."

वाचला.

"आमच्या म्हशीला रेडकू व्हायला दहा महिने लागत्यात. धोंडा आला म्हनून त्ये अकराव्या महिन्यात येतंय का?"

"नाही."

"धोंड्यातबी वाढतंय त्ये." मग बराच वेळ काठीनं राख उकरत होते. "अकरा धोंडे राबलोय मी आबासाहेबाकडं. एकबी मोजला न्हाय त्यानं. न मोजन्यात त्याचाच फायदा हुता. आन त्यो आपल्याला सांगतो, धोंडा मोजत न्हायत. तुला कळतंय का मी काय म्हनतोय?"

मी डायरी आणली. तीन एप्रिलपासून एकेक पान उलटत मोजत गेले. मे, जून. धोंड्याची पानंही बाकीच्या पानांसारखीच छापलेली, वर तारीख, एकही गाळलेलं नाही. सरकारी कचेरी कुठलं पंचांग बघते हे मला, बारावी पास बाईला, कुणी सांगायला हवं होतं का? तीन महिने परवा संपले. तीन जुलैला. "चारच दिस थांब."

कुंपणानंच शेत खाल्लं. आणि मी कुंपणाला कपबशीतल्या चहासाठी दंडवत घालत होते!

आई भिंतीवर डोकं आपटायला लागली. "माज्या पेरांनी घात केला." तिचे हात धरून बसले. तिची काय चूक? तिनं जन्मभर असंच मोजलं. चूक सांगणारा माणूस एकच होता आणि त्यानं चष्मा पुसला.

आता सगळं संपलं. तो हसत फिरणार. मी उकिरड्यापर्यंतही जाऊ शकणार नाही. भीती वाटते, नुसती भीती वाटते.

तात्या म्हणाले, "उद्या बारामतीला जायाचं."

"मुदत संपली तात्या."

"त्ये त्यांनी सांगू दे. आबासाहेबानं न्हाय."

६ जुलै, सोमवार

एसटीनं गेलो. मी, तात्या, रेश्मा. गाडी आबासाहेबांच्या शेतावरून जाते. तात्यांनी खिडकीबाहेर बघितलंच नाही. सोमवारचं पाणी द्यायला आज तिथं कुणी नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

कचेरीत विचारत विचारत एका मॅडमपर्यंत पोचलो. माधवी मॅडम. तालुक्यातून या तक्रारी घेऊन जिल्ह्याच्या समितीला पाठवायचं काम त्यांच्याकडं. मी दारातच म्हणाले, "मुदत संपलीय, माहीत आहे मला, जाते." त्या म्हणाल्या, "आधी बसा तर."

मग एकेक गाठ सोडवली. कामाच्या जागेचा हा कायदा दोन्ही राज्यांत एकच. शेठचा धंदा बारामतीचा, माझी नोकरी बारामतीची, त्यानं कामासाठी नेलं ती बागही कामाचीच जागा. मालकाविरुद्धच तक्रार, म्हणून जिल्ह्याची समिती. विजापूरला जायची गरज नव्हती. "वेगळं असतं ते सरकारकडून मिळणाऱ्या मदतीचं. तिच्या योजना प्रत्येक राज्याच्या वेगळ्या. ती पुढची गोष्ट. आणि पोलिसांचा रस्ता बंद झालेला नाही. वाटेल तेव्हा तोही आहे."

"पण तीन महिने?"

"समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिन्यांपर्यंत घेता येतं. पटेलच असं मी सांगत नाही. उशीर का झाला, ते लिहा. तुमच्या शब्दांत."

कोरा कागद पुढं ठेवला. मी लिहिलं, अधिक महिन्यामुळं मोजण्यात चूक झाली. वाचून बघितलं. खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. त्याखाली आबासाहेबांचं नाव, चौदा एप्रिल, सतरा मे, एकोणतीस जून, ते काय म्हणाले ते, आणि शेठचा निरोप. डायरी उघडून बघत बघत लिहिलं. एवढी माणसं या पानांत हसतात आणि मला तेव्हा कळलं नाही. शेवटी लिहिलं, मी भ्याले होते.

रेश्मानं दाराचं आणि चपलेचं लिहून सही केली. तिच्या नवऱ्याला अजून माहीत नाही. "बघंन काय त्ये," म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

मॅडमनी वाचलं. "हे उशिराचं झालं. घटना कुठाय?"

मी पेन खाली ठेवलं.

"बोलून सांगा, मी लिहून घेते. तसंही चालतं."

"नाही," म्हटलं. "जागा आहे माझ्याकडं. जरा वेळ द्या."

तात्या उठून बाहेर व्हरांड्यात गेले. मी मागं पानं उलटली.

३ एप्रिल, शुक्रवार

हे पान मी सहा जुलैला लिहितेय.

बागेत तोडणी चालू होती. बाहेर चार माणसं आणि रेश्मा क्रेट चढवत होती. इंद्रजित शेठनं मला नमुन्याची फळं बघायला शेडमध्ये बोलावलं. मी खाली बसून फळं कापत होते. त्यानं दार आतून लावलं आणि मागून धरलं. तोंड माझ्या मानेवर दाबलं. एक हात ब्लाउजमध्ये घातला, दुसऱ्यानं साडी ओढली. मी सोड म्हणाले. तीनदा म्हणाले. तो म्हणाला, तुझं आता कोण हाय? माझ्या हातात कात्री होती. ती मी त्याच्या मनगटावर मारली. त्याचं रक्त फळांवर पडलं. त्याचा हात सुटला, मी कडी काढली आणि बागेतून पळत नदीकडं गेले, एका चपलेवर. तिथून संध्याकाळी रेश्मानं शोधून आणलं.

मी ओरडले नाही. ओरडले नाही म्हणजे मला चालत होतं असं नाही. माझा आवाज बंद झाला होता. तो मे महिन्यात होडीपाशीही बंद झाला. आत्ता मॅडमच्या टेबलावर बसूनही बंदच आहे. भीती गेलेली नाही. मी लिहितेय.

खाली तिथी छापलीय, वर तारीख. मी तारखेखाली सही करते.

जयवंता रामहरी
मु. पो. पळसदेव